चिता, राख आणि पुनरुत्थान

देहच उरला नाही तर शेवटच्या दिवशी उठणार काय, असे जुनी मंडळी अजूनही विचारतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देऊन रक्षा अहमदनगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आली. ते प्रोटेस्टंट होते. कॅथलिक असते, तर १९१७ च्या धर्मसंहितेने अशी इच्छा ठेवणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधीच नाकारला असता.

जळालेला देह उठत नाही, असे मात्र ख्रिस्तसभेने कधीच शिकविले नाही. इ. स. १७७ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे रक्तसाक्ष्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत लोटली गेली. यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून! ही समजूत छळ करणाऱ्यांची होती. दहनबंदी कडक झाली ती एकोणिसाव्या शतकात, युरोपातील काही धर्मविरोधकांनी दहनाला पुनरुत्थानाच्या नकाराचे चिन्ह बनविले तेव्हा. टिळकांच्या चितेत असा नकार कोठे होता?

१९६३ मध्ये रोमने दहनाला मुभा दिली; दफनाची शिफारस कायम ठेवली. २०१६ च्या सूचनेने बजावले, की रक्षा विखुरू नये, पवित्र स्थळी जतन करावी. नगरला १९१९ सालीच तसे घडले होते.