पाणबुडीतला १८५७

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही नांदेड-लातूरचे चार मित्र पाणबुडीच्या थरारकादंबऱ्या वाचू लागलो. आमचे पाणी म्हणजे गोदावरी आणि मांजरा. समुद्राशी ओळख नाही. पोरकट वाचन म्हणून हाती घेतलेली ही पुस्तके आम्हाला पहाटेपर्यंत जागवू लागली.

शोधता शोधता आम्ही ज्यूल व्हर्नपाशी पोहोचलो. त्याची ‘नॉटिलस’ पाणबुडी १८६९-७० मध्ये क्रमशः छापली गेली. तिचा कप्तान नेमो हा रशियाने देशोधडीला लावलेला पोलिश सरदार असावा, असे व्हर्नच्या मनात होते. प्रकाशक हेट्झेल राजी झाले नाहीत. नेमोचा देश गुप्त राहिला. १८७५ च्या पुढच्या कादंबरीत खुलासा झाला : नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानचा भाचा, १८५७ च्या लढ्यात सर्वस्व गमावलेला.

आम्ही हरखलो, पण भानही ठेवले. डक्कर कल्पनेतला आहे, त्याला इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. खरे एवढेच, की इंग्रज ज्याला बंड म्हणत होते, त्यातल्या पराभूताला एका फ्रेंच लेखकाने नायक केले.

१९५४ च्या हॉलिवूडपटात नेमो झाला इंग्रज नट जेम्स मेसन. २००३ मध्ये ती भूमिका नसीरुद्दीन शाह यांच्याकडे आली. आपल्या माणसांच्या खुणा दूरच्या, हलक्या समजल्या गेलेल्या पुस्तकांतही सापडतात. त्या वाचल्या पाहिजेत, आणि पारखूनही घेतल्या पाहिजेत.