चांगुलपणाचं मूळ आणि फळ

मंडळी, चांगुलपणावरून ईश्वर सिद्ध करता येतो का, हा प्रश्न आज आपण घेऊ.

नॉर्मंडीतल्या बेक मठात अँसेल्म शिकवत असे. तिथल्या साधूंनी गळ घातली, की धर्मग्रंथाचा आधार न घेता, निव्वळ युक्तिवादाने सांगा. मग १०७६च्या सुमारास त्याने ‘मोनोलॉगियन’ लिहिला. तो म्हणतो, घोडा बलवान आणि वेगवान असला की आपण त्याला चांगला म्हणतो. पण दरोडेखोर तसाच असला तर? तो वाईटच! म्हणजे चांगुलपणा बळात नाही, वेगातही नाही. सगळ्या चांगल्या गोष्टी ज्या एकामुळे चांगल्या ठरतात आणि जे स्वतःमुळेच चांगलं आहे, तोच ईश्वर.

१७८८ मध्ये कांटने दिशाच बदलली. कर्तव्य ईश्वरावाचूनही बंधनकारक आहे, असं त्याने ठामपणे मांडलं. पण सदाचरणाला साजेसं सुख मिळावं, ही बुद्धीची मागणी. आणि सज्जनाच्या वाट्याला दुःख येताना तर आपण रोज पाहतो. हा मेळ ईश्वराशिवाय कोण घालणार? याला कांट सिद्धता म्हणत नाही. बुद्धीला धरून असलेली श्रद्धा म्हणतो.

एकाने चांगुलपणाचं मूळ शोधलं, दुसऱ्याने फळ. म्हणून एकाचं खंडन केलं की दुसराही आपोआप खोडला गेला, असं आपण समजू नये.