सोनोग्राफीचा आरंभ: गर्भाआधी गाठ

१/ परभणी असो, जिंतूर असो वा गंगाखेड. सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशा आशयाचा फलक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. त्यामुळे हे यंत्र गरोदर स्त्रियांसाठीच जन्मले असावे, असा समज सहज होतो. स्त्रीरोगशास्त्रात मात्र त्याचा प्रवेश गाठींच्या शोधातून झाला.

२/ जुलै १९५५. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कारखान्यात नेल्या. धातूतील दोष शोधणारे श्रवणातीत ध्वनीचे यंत्र तेथे होते. तुलनेसाठी सोबत मांसाचा तुकडाही नेला होता.

३/ यंत्राने भेद दाखवला. द्रवाने भरलेल्या गाठीतून ध्वनी विनाअडथळा जातो आणि पलीकडच्या भिंतीवरून परततो. भरीव गाठीत तो वाटेतच विखुरतो.

४/ पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्या साथीने हे तंत्र विकसित झाले. याच काळात पोट फुगलेली, झपाट्याने खंगत चाललेली एक स्त्री डोनाल्ड यांच्यासमोर आली. जठराचा असाध्य कर्करोग, असे तिचे निदान झाले होते. यंत्राने मात्र प्रचंड द्रवगाठ दाखवली. शस्त्रक्रियेत अंडाशयाची गाठ निघाली आणि ती स्त्री वाचली. ७ जून १९५८ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये या त्रयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

५/ भारतात याच तंत्राचा वापर मुलींचे गर्भ हेरण्यासाठीही झाला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली.

६/ आज अंडाशयाच्या गाठीतील भरीव भाग, पडदे, आतील भिंतीवरचे उंचवटे आणि रक्तप्रवाह पाहून डॉक्टर धोक्याचा अंदाज बांधतात. अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीच देते.

७/ अंडाशयाचा कर्करोग अनेकदा पोटफुगी, अपचन अशा साध्या तक्रारींआड लपतो आणि उशिरा उमगतो. कायद्याची बंदी गर्भाचे लिंग सांगण्यावर आहे. गाठीच्या तपासणीचे दार परभणीतील स्त्रीलाही खुलेच आहे. या यंत्राचे मूळ कामच ते होते.