कुठे उतरलात?

परगावाहून आलेल्या माणसाला आपण मराठीत पहिला प्रश्न विचारतो तो 'कुठे उतरलात?' असा. गाडीतून उतरणे, डोक्यावरचे ओझे उतरणे आणि मुक्कामाला उतरणे या तिन्ही गोष्टींना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले आहे. या प्रश्नात एक गृहीतकही दडलेले असते: उतरण्याची जागा पाहुण्याने स्वतः निवडलेली आहे. कल्याणच्या पुढे, कर्जतच्या दिशेने, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. अंबरनाथचे शिवालय दोन-चार दिवस निवांत पाहावे म्हणून येणारा विद्यार्थी 'यांपैकी राहू कुठे?' असे विचारतो, तेव्हा हे गृहीतक तपासून पाहावेसे वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ एक लष्करी तळ उभारण्यात आला. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसे राहू शकतील अशी त्याची योजना होती; २,१२६ बरॅकी आणि सुमारे १,१७३ स्वतंत्र निवासस्थाने बांधली गेली. युद्ध संपले, तळ रिकामा झाला. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर, सिंधी हिंदू मोठ्या संख्येने आगबोटींनी मुंबई बंदरात उतरू लागले, आणि त्यांतले सुमारे लाखभर लोक या रिकाम्या बरॅकींत येऊन पडले. 'येऊन पडले' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. लांबलचक बरॅकीत एकेका कुटुंबाच्या वाट्याला थोडी जमीन, आणि शेजाऱ्याच्या व आपल्या संसारामध्ये गोणपाटाचा किंवा जुन्या साडीचा आडोसा. कोणत्या कॅम्पात राहायचे, शेजार कोणाचा, स्टेशन जवळ की दूर, यांतला एकही प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. हैदराबाद-सिंधचा वकील, शिकारपूरचा सावकार आणि लारकाण्याचा हारी यांना ज्या क्रमाने गाडीने आणले त्या क्रमाने खोल्या मिळाल्या.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव आले. पुढे १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियमामुळे निर्वासिताला खोलीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. नाव बदलले, मालकी बदलली. पत्ता मात्र लष्करीच राहिला. कॅम्प १ ते ५, त्यांत सेक्शन, त्यांत बरॅकीचा क्रमांक, त्यात खोलीचा. १९७२ साली टपालखात्याने पिनकोड सुरू केले. उल्हासनगरला मिळालेल्या ४२१००१ ते ४२१००५ या आकड्यांचा शेवटचा अंक पाहा: तो कॅम्पचाच क्रमांक आहे. सैनिकांच्या मोजदादीसाठी पाडलेला आकडा निर्वासिताच्या पत्त्यात शिरला आणि तेथून त्याच्या नातवाच्या लग्नपत्रिकेवर गेला. मूळ बरॅकींपैकी फारच थोड्या आता उभ्या आहेत. बाकीच्या जागी मजल्यांवर मजले चढले, त्यांतले पुष्कळ परवानगीविना; ती बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला केवळ या एका शहराकरता कायदा करावा लागला. ज्याला एकदा मोजून जागा दिली गेली, त्याने पुढे मोजमाप जुमानले नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

(थोडे विषयांतर. आपण फाळणीचे साहित्य शिकवतो ते बहुधा पंजाब आणि बंगालचे. सिंधी निर्वासिताला बरोबर आणायला प्रांताचा तुकडाही उरला नव्हता. त्याने आणली ती भाषा, आणि तिला आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ साल उजाडले. हे सारे घडत होते ते मराठी प्राध्यापकाच्या लोकलच्या वाटेवर.)

अंबरनाथची गोष्ट वेगळ्या वयाची. वालधुनीकाठच्या शिवालयाच्या शिलालेखातील शक प्रारंभी ७८२ असा वाचला गेला होता. नंतर तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित झाला. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले हे काम. गर्भगृह मंडपापेक्षा बरेच खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते (पुन्हा 'उतरणे' आलेच), आणि वर शिखर पूर्ण नसल्याने आभाळ दिसते. १८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेतील टेरी यांच्याबरोबर आरेखक आणि साचेकार येथे पाठवले होते. विसाव्या शतकात काड्यापेटीचा कारखाना आला आणि १९५० च्या दशकात संरक्षणखात्याचा. त्यांच्या मागून कामगारांच्या वसाहती आल्या. काड्यापेटी इतिहासजमा झाली, 'विम्को नाका' उरला. येथेही घर बहुधा नोकरीच्या मागोमाग आले, स्वतंत्रपणे निवडलेले असे थोडेच.

बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली, गावाला शोभते खरी: मुंबईत जागा परवडत नाही म्हणून मराठी मध्यमवर्गाने पुढच्या टप्प्यावर शोधलेले हे ठाणे. जाहिरात पाहून, हप्ता मोजून, पूर्व की पश्चिम याचा खल करून घर घेतलेले लोक या तिघांत अधिक भेटतील ते येथे. निवडीलाही मर्यादा असतातच. उल्हास नदी पश्चिमेकडून वाहते. २६ जुलै २००५ रोजी ती घरांत शिरली, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली. पावसाळ्यात येणाऱ्याने बदलापुरात राहायचेच असेल तर पूर्वेला राहावे, एवढे व्यावहारिक बोलून ठेवतो.

तरीही माझे मत विचाराल तर, देवळासाठी आलात तरी मुक्काम उल्हासनगरात करा. कॅम्प ५ आणि अंबरनाथची हद्द भिडलेली आहे, देवळापर्यंत रिक्षाने पोहोचता येते. रात्री गोंगाट असेल, वालधुनीचा रासायनिक वास येईल, अंबरनाथला याहून शांत जागा मिळाली असती असे वाटेल. सकाळी मात्र चहाच्या टपरीवर एखादा वृद्ध गृहस्थ विचारील, 'कौनसे कॅम्प में ठहरे हो?' तुम्ही आकडा सांगाल. मग त्यालाही त्याचा आकडा विचारा, आणि तो कोणी दिला तेही.