संदर्भावरून शब्दबोध : एका अध्यापनविचाराचा पूर्वेतिहास

लहान मुलास अपरिचित शब्दाचा अर्थ आयता न सांगता तो वाक्याच्या आधाराने शोधावयास शिकवावे, हा विचार केवळ आधुनिक बालमानसशास्त्राची देणगी होय, असे समजणे बरोबर नाही. शब्दाचा अर्थ प्रथम कळतो कसा, या प्रश्नाची चर्चा मीमांसक व नैयायिक यांनी फार पूर्वी केली आहे. ती चर्चा ज्ञानमीमांसेचे अंग होती, अध्यापनशास्त्राचे नव्हे. तथापि तिच्या केंद्रस्थानी बालकच होते.

मीमांसकांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा मनुष्य दुसऱ्यास ‘गाय आण’ असे सांगतो व तो गाय आणतो. शेजारी असलेले मूल हे पाहते. त्या वेळी त्यास केवळ सबंध वाक्याचा सबंध कृतीशी असलेला संबंध कळतो. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये कानी पडली म्हणजे कोणते पद बदलले असता काय बदलते, हे त्याच्या ध्यानी येते. पदे घालण्याच्या व काढण्याच्या या प्रक्रियेस आवाप-उद्वाप अशी संज्ञा आहे. पदांना वाक्यान्वयाहून स्वतंत्र अर्थ असतो की नाही, याविषयी भाट्ट व प्राभाकर यांच्यात तीव्र मतभेद होता. परंतु बालकाचे शिक्षण वृद्धव्यवहारापासून सुरू होते, हे उभयतांस मान्य होते.

विश्वनाथ पंचाननाच्या नावावर असलेल्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ या १७ व्या शतकातील ग्रंथात शब्दशक्तीच्या ज्ञानाची ८ साधने येतात : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि सिद्धपदाचे सान्निध्य. यांपैकी शेवटचे आपल्या विषयाच्या अगदी निकट आहे. आम्रवृक्षावर ‘पिक’ मधुर कूजन करीत आहे, असे ऐकताच त्या शब्दाशी अपरिचित असलेल्या श्रोत्यास कोकिळाचा बोध होतो. कारण भोवतालची पदे त्यास ठाऊक आहेत. मराठी मुलास प्रथम शेतातले ‘पीक’ आठवेल. पण कूजन करणारे पीक संभवत नाही, म्हणून वाक्यच त्याची चूक दुरुस्त करील. परिचित पदांचे सान्निध्य ही या साधनाची अट आहे, आणि तिचे महत्त्व पुढील संशोधनानेही स्पष्ट केले.

१९५२ मध्ये हाइन्ट्स वेर्नर व ईडिथ कॅप्लन यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे साडेआठ ते साडेतेरा वर्षांच्या १२५ मुलांपुढे त्यांनी १२ कृत्रिम शब्द ठेवले. प्रत्येक शब्द ६ निरनिराळ्या वाक्यांत योजला होता. लहान मुले पुष्कळदा शब्दाचा अर्थ वाक्याच्या अर्थापासून वेगळा काढू शकत नसत. वाक्याचा आशयच ती शब्दात घालीत. ‘गाय आण’ हे प्रथमच ऐकणाऱ्या बालकाची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. १९८३ मध्ये बेक, मॅक्‌किओन व मॅक्‌कॅस्लिन यांनी वाचनपाठांतील संदर्भांचे वर्गीकरण केले, तेव्हा काही संदर्भ अर्थाकडे नेतात, काही केवळ दिशा सुचवितात, काही उदासीन असतात, तर काही चक्क दिशाभूल करतात, असे त्यांनी दाखविले.

यावरून ‘संदर्भावरून ओळखा’ एवढे सांगून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही, हे उघड होते. ‘संध्याकाळी आकाश आरक्त झाले’ या एका वाक्यावरून मूल ‘अंधारलेले’ असाही अर्थ करील, व त्यात त्याचा दोष नाही. ‘रडून रडून तिचे डोळे आरक्त झाले’ हे दुसरे वाक्य पुढे ठेवताच ‘लाल’ या अर्थाची वाट मोकळी होते. तरीही मूल अडले, तर अर्थ सरळ सांगावा. आप्तवाक्य व कोश यांनाही त्या ८ साधनांत स्थान आहेच. ज्या मुलाच्या पदरी परिचित शब्द थोडे, त्यास संदर्भाचा आधारही थोडा मिळतो. त्यास केवळ तर्कावर सोडून देणे म्हणजे ज्याच्यापाशी मुळात कमी आहे, त्यास आणखी मागे ठेवणे होय.