हायवेवर दुचाकी : ‘जवळच जायचंय’ म्हणून नियम सुटत नाहीत

शेत हायवेच्या पलीकडं अन् डेअरी अलीकडं, असं बऱ्याच गावांचं झालं आहे. त्यामुळं अर्ध्या किलोमीटरसाठी हेल्मेट कशाला, वळसा कशाला, असं वाटतं. पण हायवेवरच्या ट्रकला तुम्ही किती लांब चाललात हे माहीत नसतं.

राँग साइड
ताशी ८० किमी वेगातली गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. समोरून दुचाकी आली की ब्रेकला वेळच उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार ही धोकादायक ड्रायव्हिंग आहे. पहिल्याच वेळी १ ते ५ हजार दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रस्ता ओलांडताना
शेतरस्त्यावरून हायवेला लागण्याआधी पूर्ण थांबा. आधी उजवीकडं बघा. दुभाजकाच्या फटीत पुन्हा थांबून डावीकडं बघा. दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा असेल तर गाडी लवकर उचलत नाही, म्हणून जास्त अंतर मोकळं हवं.

रात्री
गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर असतीलच असं नाही. हेडलाइटच्या उजेडात गाडी थांबवता येईल, एवढाच वेग ठेवा.

हे लक्षात ठेवा
• हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. मागं बसणाऱ्यालाही सक्तीचं.
• विनाहेल्मेट किंवा ट्रिपल सीट : १,००० रुपये दंड, लायसन्सवर ३ महिने गदा.
• लायसन्स नसेल तर ५,००० रुपये.
• १८ वर्षांखालच्या पोराला गाडी दिली तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड अन् ३ वर्षांपर्यंत कैद.
• विमा संपलेला असेल तर दंड २,००० रुपयांचाच, पण समोरच्याची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. त्यात शेतही जाऊ शकतं.
• समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे.

अपघात दिसला तर
१०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला, पोलिसांसाठी ११२ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत नोंदणीकृत दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळतात. पोलिसात नोंद मात्र झाली पाहिजे.