वर्षारंभीची धाव

नाकाडोंगरीच्या मुलुखात नवे वर्ष एका दिवशी उजाडत नाही. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशाच्या सीमेनजीक, धानाच्या बांध्या, सागाचे रान आणि मँगनीजच्या खाणी यांच्या सान्निध्यात वसलेल्या या गावाच्या आसमंतात कुणब्याचे, गुराख्याचे, सालगड्याचे, व्यापाऱ्याचे आणि सरकारी दफ्तराचे अशी अनेक वर्षे शतकानुशतके एकमेकांशेजारी नांदत आली असून, प्रत्येकाचा आरंभ ज्याच्या त्याच्या धंद्याने ठरविला आहे. म्हणूनच, अलीकडे शहरोशहरी एक जानेवारीच्या पहाटे मित्रमंडळी जमवून धावण्याचा जो प्रघात पडत चालला आहे, तो आमच्या मातीला सर्वथैव परका आहे काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावयाचे तर दोन धागे वेगळे करून पाहिले पाहिजेत: तो दिवस कोठून आला, आणि ती धाव कोठून आली.

दिवसाची हकीकत प्रथम सांगतो. मराठेशाहीच्या दफ्तरात जो अरबी सन चाले तो सूर्य मृग नक्षत्री शिरला की बदलत असे. पेरणीच्या हंगामाशी वसुलाची सांगड घालणाऱ्या राज्यकर्त्यांना हे मृगसाल सोयीचे होते. पंचांगातील शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होई आणि सालगड्याचा करारही विदर्भात याच पाडव्याला संपून नव्याने होई. व्यापाऱ्याची वही मात्र दिवाळीच्या पाडव्याला उघडे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांताची रचना झाली, आणि कचेरीच्या कागदांवर इंग्रजी तारीख रूढ झाली. तरीसुद्धा रयतेच्या आयुष्यात त्या तारखेला फारसे स्थान मिळाले नाही. ते मिळवून दिले, माझ्या मते, खाणींनी. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने या पट्ट्यातील मँगनीजच्या धंद्याचा पाया घातला. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणींत धान रोवणाऱ्यांचीच मुले-बाळे कामाला लागली. आणि हजेरीपट, पाळी, पगार ही सारी नवी व्यवस्था नक्षत्रांवर न चालता इंग्रजी महिन्यांवर चालू लागली. १९६२ मध्ये त्या सिंडिकेटच्या वारशातून मॉईल ही संस्था उभी राहिली, व १९७७ पासून २०१० पर्यंत ती पूर्णतः सरकारच्या मालकीची होती. ज्याची रोजी जानेवारीच्या हजेरीपटावर चढते त्याला जानेवारीचा पहिला दिवस परका वाटण्याचे कारण उरत नाही.

आता धावेकडे वळू. आमच्या या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत वर्षारंभाशी धावणे निगडित आहे ते दिवाळीच्या पाडव्याला, आणि त्या दिवसाचा मान गोवारी समाजाचा आहे. वर्षभर गावची गुरे आखरावर गोळा करून रानात नेणारा आणि सांजवेळी बिनबोभाट ज्याच्या त्याच्या गोठ्यात परत आणून सोडणारा हा गुराखी, एरवी ज्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही, तो त्या दिवशी साऱ्या गावाचा नायक होतो. गुरांना न्हाऊमाखू घालून, शिंगे रंगवून, गळ्यात घाट्या आणि मोरपिसांच्या माळा बांधून आखरावर आणतात. शेणाचा गोवर्धन रचून त्याची पूजा करतात. आणि मग ढोल-डफड्याच्या गजरात गाई त्या गोवर्धनावरून नेल्या जातात. नादाने चेतलेली गुरे उधळतात, त्यांच्या मागेपुढे गुराखी धावतात, गुराख्यांच्या मागे पोरे धावतात, आणि ज्या गोवर्धनावरून खुरे गेली त्याचे शेण एकमेकांच्या कपाळी लावून लहानथोर भेटतात. यालाच गायगोधन म्हणतात. या धावेत पहिला कोण आला याची पुसतपास कोणी करीत नाही. बक्षीस नाही, पंच नाही, रेषा नाही. ज्यांनी वर्षभर एकत्र राबावयाचे आहे त्यांनी वर्षाच्या पहिल्या दिवशी एकत्र धावून घ्यावे, एवढाच तिचा अर्थ मला दिसतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात आणि धान चुरण्याचे दिवस येतात.

पौष-माघात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते बंद पडले होते; पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. पटाच्या दानीवर धावते ती बैलांची जोडी. माणूस पाहतो, आरोळ्या देतो, पैज लावतो. पटाचे वैभव मला मान्य आहे. परंतु आपल्या विषयाशी त्याचा संबंध दूरचा आहे.

धावणे ही चाकरीही होती, हे विसरून चालणार नाही. पेशवाईत व नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीत खलिते पोहोचविणारे जासूद-हरकारे हा राज्ययंत्राचा एक आवश्यक भाग होता, आणि तत्कालीन पत्रव्यवहारात जासुदांची जोडी असा उल्लेख वारंवार आढळतो, कारण रान, नदी आणि चोराचिलटांचे भय यांतून एकट्याने जाण्यापेक्षा दोघांनी जाणे शहाणपणाचे होते. इंग्रजी अमलात त्यांचीच परंपरा डाकहरकाऱ्याने चालविली: हाती घुंगरांची काठी, पाठीशी टपालाची थैली, आणि ठराविक टप्प्यावर वाट पाहणारा दुसरा हरकारा. हे धावणे पोटासाठी होते, तरी एकाने आणलेला भार दुसऱ्याने उचलावयाचा हा त्यातील संकेत लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

महाराष्ट्रात मात्र एकत्र धावण्याला सर्वांत उदात्त रूप दिले ते वारकऱ्यांनी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध स्वरूप दिले. पंढरपूरच्या वाटेवर वेळापूरच्या अलीकडे एका उतारावर पालखी सोहळा पोहोचला की धावा होतो: पंढरीचा कळस दृष्टीस पडताच तुकाराम महाराज येथून धावत सुटले अशी श्रद्धा असून, तिच्या स्मरणार्थ टाळ-पताका घेतलेले हजारो वारकरी, त्यांत साठी उलटलेलेही, तो उतार धावत उतरतात. त्या समूहात वृद्धाचा वेग आणि तरुणाचा वेग यांत भेद राहत नाही, कारण दिंडीने धावावयाचे ते दिंडी म्हणूनच. शर्यतीच्या कल्पनेला संपूर्णपणे बाजूला ठेवणारी अशी धाव आमच्याकडे लोकमान्य होती, ही गोष्ट आमच्या व्यायामाच्या इतिहासलेखकांनी पुरेशी ध्यानी घेतलेली नाही.

शर्यतीची धाव आली जिमखान्याबरोबर. पुण्यास १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला व सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले. तेथील सामन्यांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले, नियमांचे ज्ञान नसतानाही, युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाणारी वेळ नोंदवितात हे पाहून दोराबजींनी हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याचा संकल्प केला. त्यातूनच १९२० च्या ऑगस्टमध्ये बेल्जममधील अँटवर्प येथे बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि १९वा आला. परक्या हवामानात, युरोपातील नामांकितांच्या पंक्तीस, हा पराक्रम लहान नव्हता.

त्याच शर्यतीत फडेप्पापूर्वी अवघ्या दोनेक मिनिटांनी, १६वा, जपानचा शिझो कानाकुरी आला होता. हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. कानाकुरीने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपल्या देशात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी टोकियो ते हाकोने आणि परत अशी टप्प्याटप्प्याची धाव सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. जुन्या डाकचौक्यांच्या धर्तीवर एका धावपटूने आपल्या अंगावरचा पट्टा दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा, अशी तिची रीत. आज ती धाव दरवर्षी २ आणि ३ जानेवारीस होते, प्रत्येक संघाचे दहा विद्यार्थी सुमारे २१७ किलोमीटरचे अंतर वाटून घेतात, आणि घराघरांतून ती पाहिल्याखेरीज जपानी माणसाचे नवे वर्ष सुरू होत नाही. ब्राझीलमध्येही साओ पावलो शहरी १९२५ पासून ३१ डिसेंबरची धाव चालत आली आहे. फडेप्पा परत आला. हरकाऱ्यांची परंपरा आमच्याकडेही होती, धावा होता, गायगोधन होते. परंतु या साऱ्यांना जिमखान्याच्या विद्येशी जोडून वर्षारंभाचा एखादा लोकोत्सव घडविणारा कोणी निघाला नाही. एका माणसाच्या पराक्रमाचे आम्ही कौतुक केले आणि तेही लवकर विसरलो. मला याची मनस्वी खंत वाटते, कारण एकट्याच्या विक्रमातून लोकांत चाल पडत नाही; ती पडते पाच-पंचवीस जणांनी दरसाल ठरल्या दिवशी एकत्र येण्यातून.

मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढे जानेवारीत स्थिरावली. तिच्यात ज्या धावेला ड्रीम रन म्हणतात तीत वेळेची ईर्षा न धरता हजारो माणसे कुटुंबकबिल्यासह, मित्रांसह धावतात. शहरोशहरीच्या छोट्या मंडळांनी यावरून धडा घेतला असावा. आमच्या जिल्ह्यात मात्र हिवाळ्याच्या पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात ती पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि तेवढ्या काही मिनिटांवर एखाद्या घराची आशा अवलंबून असते. ही धाव चाकरीची, जासुदांच्या कुळातली. परंतु धुक्यात एकमेकांना हाका मारीत, मागे राहिलेल्यासाठी पाऊल आवरीत ती पोरे जेव्हा जातात, तेव्हा तिच्यात गायगोधनाचाही अंश असतो.

तेव्हा नाकाडोंगरीच्या आणि शेजारच्या गोबरवाहीच्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे. येत्या एक जानेवारीस भरतीच्या मुलांनी आपले घड्याळ घरी ठेवावे आणि आपल्यासोबत खाणीच्या पाळीवरून सुटलेल्या मामा-काकांना, शाळेच्या गुरुजींना, गुराख्यांना आणि घरच्या लेकीसुनांना बोलवावे. वनपरिक्षेत्राच्या रानाजवळून जावयाचे असल्यास पुरते उजाडल्यावर निघावे. जो सर्वांत सावकाश धावेल त्याच्या पावलाशी पाऊल जुळवावे. आणि पुढल्या वर्षीही त्याच दिवशी, त्याच आखरावर जमावे.